नकाशाचं काम लॅपटॉपवर आणलं. थर दिसतो, बिंदू दिसत नाहीत

रेघोटी:
आमच्या नकाशाच्या साइटवर अंतर मोजायचं बटण आणि चिन्हांची सूची टाकायची आहे. आजवर मी थेट सर्व्हरवरची फाइल उघडून दुरुस्त्या करायचे. परवा एक स्वल्पविराम राहिला आणि सगळ्यांचा नकाशा पांढरा पडला. तेव्हाच कानाला खडा लावला.

आता लॅपटॉपवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारं साधन) दोन कंटेनर, म्हणजे डबे, आहेत, एकात पोस्टजीआयएस हा नकाशाचा डेटाबेस, दुसऱ्यात त्यातला डेटा नकाशाला पुरवणारा जिओसर्व्हर. पुढची बाजू, म्हणजे ब्राउझरमधला नकाशा, ओपनलेयर्स या लायब्ररीची, व्हीट या डेव्हलपमेंट सर्व्हरवर चालते. (त्याचा उच्चार 'वीट' करतात म्हणे. दोन दिवसांत आलाच मला.) जिओसर्व्हरला डेटाबेस सापडत नव्हता, कारण होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' लिहिलं होतं आणि कंटेनरच्या आत त्याचा अर्थ तो कंटेनर स्वतः. तिथे सर्व्हिसचं नाव टाकलं, जमलं.

आता अडलंय ते असं: डब्ल्यूएमएसचा (नकाशा चित्र म्हणून देणारी सेवा) थर छान दिसतो, पण डब्ल्यूएफएसमधून (कच्चा डेटा देणारी सेवा) फेच करून, म्हणजे कोडने मागवून, आणलेले बिंदू येत नाहीत, ब्राउझरचा कन्सोल चुकांनी लालेलाल. तोच पत्ता नव्या टॅबमध्ये टाकला की जिओजेसन (बिंदूंचा मजकूर-रूपातला डेटा) मुकाट्याने येतो! जिओसर्व्हर दोनदा पुसून परत टाकला. दुसऱ्यांदा पुसल्यावर आठवलं, स्टाइल्स त्यातच होत्या.

जुनंखोड:
अहो, पुसत नका बसू. जिओसर्व्हर ठणठणीत आहे, अडवतोय ब्राउझर. तुमचं पान ५१७३ पोर्टवर, डेटा ८०८० वर. पोर्ट बदललं की ब्राउझरच्या लेखी ते परकं घर. परक्या घरचं चित्र तो दाखवतो, म्हणून डब्ल्यूएमएस दिसतं. पण फेचने आणलेला मजकूर त्या घराने परवानगी दिल्याशिवाय कोडच्या हाती देत नाही. नव्या टॅबमध्ये तुम्ही स्वतःच त्या घरात जाता, मग कोण अडवणार?

जिओसर्व्हरच्या वेब डॉट एक्सएमएल या फाइलीत कॉर्सचा, म्हणजे ही परवानगी देणारा, फिल्टर चालू करता येतो. मी मात्र व्हीटच्या कॉन्फिगमध्ये प्रॉक्सी लावतो: '/जिओसर्व्हर'ने सुरू होणारी प्रत्येक विनंती ८०८० कडे. कोडमध्ये पत्ता सापेक्षच राहतो, त्यामुळे खऱ्या सर्व्हरवर दोन्ही एकाच डोमेनखाली असतील तर एक अक्षरही बदलावं लागत नाही.

आणि जिओसर्व्हरची डेटा डिरेक्टरी कंटेनरबाहेरच्या फोल्डरला जोडा, आजच. थर, स्टाइल्स, वर्कस्पेस सगळं तिथेच असतं. मग कंटेनर खुशाल उडवा.

रेघोटी:
प्रॉक्सी लागली, बिंदू आले! पण सगळे आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात, एकावर एक. अक्षांश-रेखांश उलटे करून पाहिले, तरी तिथेच.

डोकेफोड:
उलटे झाले असते तर चुकीच्या जागी का होईना, विखुरलेले दिसले असते. शून्य-शून्यावर ढीग म्हणजे अंशांना मीटर समजलं गेलंय. नकाशाचा व्ह्यू ३८५७ या क्रमांकाच्या निर्देशांक-पद्धतीत, मीटरचा. तुमचा जिओजेसन ४३२६ मध्ये, अंशांचा. ७५ अंश पूर्व म्हणजे त्याच्या लेखी ७५ मीटर. जिओजेसन वाचणाऱ्या रीडफीचर्सला डेटाप्रोजेक्शन (डेटाची पद्धत) आणि फीचरप्रोजेक्शन (नकाशाची पद्धत) दोन्ही सांगा. किंवा फेच सोडाच. व्हेक्टर सोर्सला यूआरएल आणि फॉरमॅट दिलं की तो स्वतःच रूपांतर करतो.

उलटापालट केलेली आधी पूर्ववत करा. ओपनलेयर्सला रेखांश आधी लागतो, लीफलेट या दुसऱ्या नकाशा-लायब्ररीला अक्षांश. दोन्हींत काम करणारा माणूस एकदा तरी फसतोच.

मोजायच्या बटणातही हीच मेख आहे. ३८५७ मधली लांबी विषुववृत्तापासून दूर जाल तशी फुगते, ६० अक्षांशावर दुप्पट. रेषेची स्वतःची गेटलेंथ वापरू नका, पृथ्वीचा गोल धरून मोजणाऱ्या स्फिअर मॉड्यूलमधली घ्या.

जुनंखोड:
बटणासाठी नोड मॉड्यूल्समधल्या (बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांचं फोल्डर) फाइलींना हात लावू नका. मी एकदा लावला होता. पुढच्या एनपीएम सीआयने (ते फोल्डर पुसून नव्याने भरणारी आज्ञा) सगळं धुऊन नेलं. ओपनलेयर्सच्या कंट्रोल क्लासवरून स्वतःचा क्लास काढा, वेगळ्या फाइलीत.

रेघोटी:
बिंदू जागेवर बसले. ३० अक्षांशावर चाचणीची रेघ ओढली: साधी गेटलेंथ १,१५६ मीटर सांगते, स्फिअरवाली १,०००. हे न कळता बटण चढवलं असतं तर!

चिन्हांची सूची जिओसर्व्हरच्या गेटलेजेंडग्राफिक या विनंतीतून घेतली. ते चित्रच, म्हणजे प्रॉक्सीशिवायही दिसलं असतं ना?

जुनंखोड:
दिसलं असतं.