शेजाऱ्यांची दंगेखोर मुलं आणि बेफिकीर आईवडील: नाशिककरांनो, काय केल्याने फरक पडतो ते लिहा

गाऱ्हाणी आपल्या सगळ्यांकडे आहेत. इथे उपाय हवेत: कसा करायचा, कुठे फसतो, का फसतो. फ्लॅट, रो हाऊस, सिडकोची घरं, सगळं चालेल.

इंदिरानगर, दुसरा मजला
वरून येणारा धपधप आवाज हवेतून येत नाही, स्लॅबमधून उतरतो. त्यामुळे आपल्या छताला थर्माकोल चिकटवणं म्हणजे पैसे पाण्यात. दणका वरच्याच घरात अडवावा लागतो. मुलांची उड्या मारायची जागा ठरलेली असते, बहुतेक सोफा ते पलंग. तिथे 10-12 मिलिमीटरची रबरी चटई आणि तिच्यावर सतरंजी घालायला सांगा. नुसती सतरंजी टाइल्सवर सरकते, पोरं घसरतात आणि दोन दिवसांत ती गुंडाळून कोपऱ्यात जाते. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावल्या की ओढण्याचा करकर आवाज जातो. चकत्यांचा गोंद धुळीने सुटतो, अधूनमधून बदला.

सांगायला जायचं ते आवाज चालू असताना नाही. तेव्हा दोन्ही घरं तापलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जा आणि नेमकं बोला: "ताई, दुपारी दोन ते चार सासूबाई झोपतात, तेवढा वेळ हॉलमध्ये चेंडू नको." "तुमची मुलं फार वात्रट आहेत" म्हटलं की दार बंद झालंच समजा.

सिडको
सामाईक भिंतीवर चेंडू आपटत असेल तर आपल्या बाजूने कपड्यांनी भरलेलं कपाट लावा. बोलणं-ओरडणं थोडं दबतं, चेंडूचा ठोका मात्र येतोच; त्यासाठी पोरांना दुसरी भिंत दाखवावी लागते. अंगणातला चेंडू जप्त करू नका. मग ती भिंतीवरून उड्या मारून येतात, कुंड्या फुटतात. "बेल वाजवा, मागा, लगेच मिळेल" हा नियम मुलांना झटकन कळतो.

गंगापूर रोड, सोसायटीच्या कामात
आईवडील ऐकतच नसतील तर लेखी तक्रार. आधी पंधरा दिवसांची नोंद ठेवा: तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ चाललं. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली तक्रार भांडण वाढवते आणि कमिटीला दप्तरी नोंद नसल्याचं कारण मिळतं. अर्जावर तीन-चार घरांच्या सह्या असल्या की तो दोघांचा वाद राहत नाही.

एक बघाच. नाशकातल्या बऱ्याच इमारती गृहनिर्माण संस्था नसून अपार्टमेंट आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 91 (वाद सहकार न्यायालयात नेण्याचं) हे संस्थेसाठी. अपार्टमेंटचा कायदा 1970 चा, वेगळा. खरेदीखत आणि डिक्लरेशन डीड (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणल्याचा दस्त) वाचूनच अर्ज लिहा, नाहीतर चुकीच्या दारात महिने जातात.

नाशिकरोड
पोलिसांबद्दल. रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर लावून धिंगाणा असेल तर पोलिसांना 112 वर फोन करा. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. मोबाइल ॲपचा आकडा पुरावा म्हणून धरू नका, वेळेच्या नोंदीला जोड म्हणून ठेवा. पोरांविरुद्ध मात्र चौकीत जाऊ नका. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम 20 प्रमाणे गुन्हाच ठरत नाही, आणि मोठ्यांमधला उरलासुरला संवादही तुटतो. मुलांचे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको, कितीही राग आला तरी.

पंचवटी
रंगपंचमीच्या आधीचा आठवडा फुग्यांचा. गच्चीची किल्ली एका जबाबदार माणसाकडे ठेवा आणि खेळायला खालची जागा, वेळ ठरवून द्या. जागा न देता नुसती बंदी घातली तर फुगे जिन्याच्या खिडकीतून येतात.

सिडको
जाळीचं राहिलं. खिडकीपुढे नायलॉनची जाळी बांधताना चारही कडांतून तार ओवा आणि दर फुटाला गाठ मारा. तार नसेल तर पावसाळ्यात जाळीला झोळ येतो आणि चेंडू जाळीसकट काचेवर बसतो. काचेपासून अर्धा फूट अंतर ठेवा.