टाकीतला सडक्या अंड्याचा वास
बोटीवरच्या पाण्याच्या टाकीला असा वास येतो म्हणून विचारलं की कोणीतरी खायचा सोडा टाका म्हणतं, पण त्याने वास दोन दिवस दबतो फक्त. मी नाशिकचा, पण मित्राची शिडाची बोट मुंबईला असते, पावसाळाभर तिच्या टाकीत पाणी तसंच साचलेलं आणि दिवाळीत नळ सोडला तर काय भपकारा! टाकीत हात फिरवला तर नुसता बुळबुळीत थर. आधी तो घासून काढा, मग १०० लिटर पाण्याला १०० मिली साधं ५ टक्केवालं ब्लीच, सुवासिक नको, आणि क्लोरीनचा वास येईपर्यंत एकेक नळ सोडा म्हणजे पाइपातही जाईल. रात्रभर ठेवून दोनतीनदा धुवायचं, टाकी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर इतका वेळ नको. पाणी गाळायचा कार्बन फिल्टर असेल तर ब्लीच टाकायच्या आधी काढा हां, आम्ही विसरलो नि नवा आणावा लागला. घरच्या गच्चीवरच्या टाकीलाही मी हेच करतो.