सुदानमध्ये बाहेरच्यांनी फौज पाठवावी का?

नौपाडाकर:
काल तलावपाळीवर यावरून आमची जुंपली, म्हणून इथे मांडतोय. आमच्या मजल्यावरचे काका खार्टूममध्ये नोकरीला होते. एप्रिल २०२३ मध्ये तिथलं लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांवर तुटून पडली. काका आठवडाभर बाथरूममध्ये झोपले, कारण घरात तेवढ्याच जागेला रस्त्याकडे खिडकी नव्हती. भारताच्या 'ऑपरेशन कावेरी' या सुटका मोहिमेत पोर्ट सुदानहून जेद्दा, तिथून घरी. शेजारच्या सुदानी कुटुंबाचं काय झालं, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

पश्चिम सुदानातल्या दारफुर भागात संयुक्त राष्ट्रं आणि आफ्रिकन युनियनची शांतिसेना होती. तिचं काम ३१ डिसेंबर २०२० ला संपवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथलं अल फाशर शहर आरएसएफच्या हाती पडलं आणि कत्तल झाली. माणसं वाचवायला फौज जायलाच हवी.

नेरुळकर:
साफ विरोध. २०११ मध्ये लिबियातही नागरिकांच्या रक्षणासाठीच सुरक्षा परिषदेने ठराव १९७३ केला. भारत तटस्थ राहिला, योग्यच केलं. नाटोची विमानं रक्षणाला गेली आणि सत्ता उलथवून परतली. पुढे तिथे दोन-दोन सरकारं झाली.

लांब कशाला, १९८७ ला आपण श्रीलंकेत शांतिसेना पाठवली. ज्या तमिळांसाठी गेलो, त्यांच्यातल्याच एलटीटीईशी लढलो. ११०० हून जास्त जवान गमावले. माझे मामा तिथे होते. जाफन्याचं नाव निघालं की अजूनही भरल्या ताटावरून उठतात.

नौपाडाकर:
मामांपुढे मी काय बोलणार? पण रवांडा आठवा. १९९४ मध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने तिथली अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली. न जाण्याचीही किंमत असते, फक्त ती दुसरे मोजतात.

ऐरोलीची ताई:
फौजेआधी हत्यारांचं बघा ना! संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी फक्त दारफुरपुरती आहे, अख्ख्या सुदानला नाही. आणि तिथल्या मोहल्ल्यांतली पोरं गोळीबारात सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतात, पातेल्यात जे पडेल ते रांगेत वाटतात. पैसा थेट त्यांच्या हाती पडू दे. धान्याचे ट्रक अडवणाऱ्यांवर दबाव आणा.

नेरुळकर:
ताई, याला माझा पूर्ण पाठिंबा. फौजेला विरोध मात्र कायम.

नौपाडाकर:
आणि ट्रकवरच गोळ्या झाडल्या तर? तेव्हा ट्रकसोबत कोण जाणार, ते सांगा.