मदत हवी आहे: आजोबांचा मॅसी फर्ग्युसन ३५ की ३५एक्स?

नमस्कार मंडळी. गोठ्यामागे आजोबांचा विलायती मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बरीच वर्षं उभा आहे, तो पुन्हा चालू करायचाय. नंबरच्या पट्टीवर ‘कॉव्हेंट्री’ (इंग्लंडमधलं कारखान्याचं शहर) एवढंच वाचता येतं, बाकी सगळं गंजलंय. बॉनेटवरचे बिल्लेही गेलेत. इंजिन तीन सिलिंडरचं पर्किन्स डिझेल, मूळचंच, असं वडील खात्रीने सांगतात. ३५ ला आधी चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, तीनचं १९५९ च्या अखेरीस आलं. म्हणजे हा त्यानंतरचा. पण साधा ३५ की १९६२ च्या सुमाराचा ३५एक्स? मल्टी-पॉवरचा (क्लच न दाबता चालता चालता वेग बदलायच्या सोयीचा) लिव्हर नाही, पण ती सोय ३५एक्सवरही ऐच्छिकच होती. इंजिन नंबरवरून साल काढता येईल का? तो ब्लॉकवर नेमका कुठे शोधू? रिंगा-पिस्टन मागवण्याआधी कळलं तर फार उपकार होतील.