मदत हवी आहे: बफर बदलताना पेज फॉल्ट मध्येच घुसतोय, लॉक कसा लावू?

मंडळी, चार दिवस अडकलोय. डेटा कॅप्चर कार्डाचा ड्रायव्हर लिहितोय, लिनक्स ६.१ वर. बफर (डेटा साठवायची तात्पुरती जागा) कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात आहे, यूजरचा प्रोग्रॅम तो एममॅप करून, म्हणजे थेट आपल्या मेमरीत जोडून वाचतो, आणि साइज बदलायला एक आयऑक्टल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला द्यायचा हुकूम) आहे जो जुनी पेजेस (मेमरीचे ठरावीक तुकडे) सोडून नवी घेतो. एक थ्रेड साइज बदलत असताना दुसऱ्याने बफरला हात लावला की फॉल्ट हँडलर (अजून न जोडलेल्या पेजला हात लागला, म्हणजे पेज फॉल्ट झाला, की चालणारा माझा कोड) पेजेसच्या जुन्याच अ‍ॅरेत बघतो आणि केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडलेली मेमरी वापरल्याची चूक दाखवतो. लॅपटॉपवर दिवसात एखाद्या वेळी, १६ कोअरच्या मशीनवर दोन मिनिटांत. हँडलरमध्ये एक प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारा) टाकला तरी चूक गायब!

म्हणून दोन्हीकडे म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) लावला तर लॉकडेपने (लॉक घ्यायचा क्रम तपासणारं साधन) लगेच पकडलं. फॉल्टमध्ये एममॅप लॉक (प्रोग्रॅमच्या मेमरी नकाशावरचा कर्नलचा लॉक) आधीच घेतलेला असतो, त्यावर माझा म्युटेक्स, आणि आयऑक्टलमध्ये उलटं, म्युटेक्स धरून कॉपी फ्रॉम यूजर (प्रोग्रॅमच्या मेमरीतून डेटा आणणं), तिथे फॉल्ट आला की एममॅप लॉक हवा, म्हणजे दोघं एकमेकांची वाट बघत अडकणार. कॉपी म्युटेक्सच्या आधी नेली, ते सुटलं.

पण आता जे उरलंय ते जास्त वाईट आहे. हँडलर गेट पेज करून (पेज वापरात असल्याचा रेफरन्स घेऊन) पेज परत देतो, म्युटेक्स सुटतो, आणि पेज टेबलात (कुठल्या पत्त्यावर कुठलं पेज त्याचा तक्ता) नोंद त्यानंतर होते. तेवढ्यात आयऑक्टल अनमॅप करून (त्या तक्त्यातल्या जुन्या नोंदी काढून) अ‍ॅरे बदलून मोकळा होतो, मागून जुनं पेज मॅप होतं. रेफरन्स असल्यामुळे क्रॅश नाही, केसॅन पण गप्प, फक्त यूजरला शिळा डेटा दिसत राहतो. मोजमापाचं कार्ड आहे हो, चुकीचा आकडा कुणाला कळणार पण नाही. ही फट कशी बुजवायची?

उत्तर:
निदान बरोबर आहे तुमचं. पेज कॅशमध्ये (फाइलींचा डेटा मेमरीत ठेवणारा कर्नलचा भाग) हेच करतात: म्युटेक्स सोडायच्या आधी हँडलरमध्येच पेज लॉक करा (प्रत्येक पेजचा स्वतःचा लॉक असतो) आणि व्हीएम फॉल्ट लॉक्ड, म्हणजे पेज लॉक करून दिलंय असा कोड, परत द्या, नोंद झाल्यावर कर्नल स्वतः तो लॉक सोडतो. आयऑक्टलमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी म्युटेक्सखाली अ‍ॅरे बदला, मग जुन्या प्रत्येक पेजचा लॉक एकदा घेऊन सोडा, म्हणजे वाटेत असलेले फॉल्ट पूर्ण होतात, आणि त्यानंतरच अनमॅप मॅपिंग रेंज (नोंदी काढणारं कर्नलचं फंक्शन). तुम्ही अनमॅप आधी करताय, तिथेच फट आहे. पेजेस सगळ्यात शेवटी सोडा.

धागाकर्ता:
क्रम बदलला, पेज लॉक टाकला. १६ कोअरवर रात्रभर चालवला, प्रत्येक पेजवर साइज बदलाचा अनुक्रमांक लिहून तपासला, एकही शिळं पेज नाही. खूप आभार.