सभासदांना वाटायची पिशवी: नॉन-वूव्हन की मांजरपाट?

हिशेबनीस
सप्टेंबरअखेर पतसंस्थांच्या वार्षिक सभा उरकायच्या असतात आणि पुण्यात सभेहून परतणाऱ्याच्या हातात अहवालाबरोबर पिशवी असतेच. पोपटी नाहीतर जांभळी, नॉन-वूव्हन, एका अंगाला संस्थेचं बोधचिन्ह, दुसऱ्या अंगाला संचालकांचे फोटो. हे थांबवावं आणि मांजरपाटाची, म्हणजे कोऱ्या सुती कापडाची, साधी पिशवी द्यावी, असं माझं मत. नॉन-वूव्हनला दुकानदार ‘कापडी’ म्हणून खपवतात, पण ते पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. गॅलरीत उन्हात टांगून ठेवलं की काही महिन्यांत त्याचा भुगा हाताला लागतो. शिवाय ३० सप्टेंबर २०२१ पासून केंद्राच्या नियमाने ६० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाच्या) खालची नॉन-वूव्हन पिशवी चालत नाही, आणि स्वस्तातला माल नेमका त्याच काठावर असतो. ५०० नग, १४ बाय १६ इंच, एकरंगी छपाई एवढं धरून बोलू.

रविवारपेठी
भुगा होतो तो पातळ मालाचा, म्हणून सगळ्याच नॉन-वूव्हनला फाशी? ८० जीएसएमची, खाली-बाजूला गसेट, म्हणजे रुंदी देणारी पट्टी, असलेली बॉक्स बॅग घ्या, वर्षभर भाजी वाहते. तुमच्या मांजरपाटाचा पर्यावरणाचा तोराही तपासून बघा. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या २०११ सालच्या अहवालात तापमानवाढीचा हिशेब आहे. एकदाच वापरलेल्या साध्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी व्हायला नॉन-वूव्हन पिशवी ११ वेळा वापरावी लागते आणि सुती १३१ वेळा. सभेत मिळालेली पिशवी १३१ वेळा बाहेर काढणारे सभासद किती निघतील, ते तुम्हीच सांगा.

हिशेबनीस
१३१ म्हणजे आठवड्यातून दोनदा मंडई केली तर सव्वा वर्ष. सुती पिशवी धुता येते, उसवली तर शिवता येते, तेवढी सहज टिकते. नॉन-वूव्हन मात्र उसवली की कचऱ्यात, कारण कुणी ती शिवत बसत नाही.

सुईदोरा
शिवत नाहीत याला कारण आहे. ती शिलाईनेच फाटते. यात ताणा-बाणा नसतो, तंतू नुसते दाबून चिकटवलेले असतात. टाके दाट घातले की पोस्टाच्या तिकिटाला असतात तशी भोकांची रांग तयार होते आणि ओझं पडलं की त्या रांगेवरून पिशवी सरळ उलगडते. इंचाला सहा-सात टाके पुरेत. दुसरा प्रकार शिलाईशिवायचा, मशिनवर जोड वितळवून बंद चिकटवतात. तिथे आधी बंदाचाच जोड सुटतो. ओझं नेणार असाल तर बंद शिवलेलाच घ्या, टोकाला शिलाईचा चौकोन आणि आत फुली. मांजरपाटालाही हीच फुली हवी, आणि आतल्या कडांना इंटरलॉक, नाहीतर दोन धुण्यांत दोरे सुटतात.

रविवारपेठी
चला, बंदावर आपलं एकमत! आता लांबी बोला. खांद्याला लटकवायचे लांब बंद दिसतात छान, पण पुण्यात पिशवी स्कूटरच्या हुकाला लागते. लांब बंदाची पिशवी पायांत लोळते आणि ओल्या रस्त्याचा चिखल पुसत घरी येते.

सुईदोरा
बरोबर, आणि आखूड बंदाने कापडही वाचतं. ३६ इंच पन्ना (कापडाची रुंदी) घ्या. एका पिशवीला शिलाईसकट १५ इंच रुंदी आणि वरच्या दुमडीसकट ३५ इंच लांबी लागते. पन्न्यात दोन पिशव्या बसल्या की ६ इंचांची पट्टी उरते. ती मधून कापली की ३ इंची दोन पट्ट्या, आणि त्या प्रत्येकी अर्ध्या केल्या की साडेसतरा इंचांचे चार बंद. दोन पिशव्यांचं काम झालं, चिंधी शिल्लक नाही. हा बंद दुहेरी दुमडून शिवला की हाताला सहाएक इंच मोकळा राहतो, स्कूटरला नेमका. खांद्याचा हवा असेल तर वेगळी नवार घ्यावी लागेल आणि खर्च तिथेच वाढेल. ५०० नगांना साधारण २२२ मीटर कापड, कापण्यातली नासधूस धरून २३० मागवा.

मोजमाप
कापड मागवण्याआधी वजन करा. नॉन-वूव्हनचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून सराफाच्या काट्यावर ठेवा. ०.८ ग्रॅम भरला तर ८० जीएसएम, ०.६ भरला तर तुम्हाला काठावरचा माल ‘ऐंशी’ म्हणून विकला. कोऱ्या मांजरपाटाला मात्र ही परीक्षा आधी धुऊन करायची. त्यात कांजी असते, तिचंही वजन भरतं. धुतल्यावर कापड लुळं पडतं आणि आखडतं. १६ इंचांची पिशवी इंचभर कमी झाली तर हबकू नका, तेवढी वाढ मापातच धरा. धुऊन १४० जीएसएम राहिलं तरी भाजीच्या पिशवीला पुष्कळ. नमुन्यात सहा किलो तांदूळ भरून रात्रभर खुंटीला टांगा, सकाळी बंदाच्या मुळाशी बघा.

पत्रकवाला
चर्चाभर कापडच चाललंय, छपाईचं कुणी बोलतच नाही, आणि पिशवी वाटायची तर जाहिरातीसाठी. मांजरपाटावर संचालकांचे फोटो विसरा. वीण जाड असते, चेहऱ्यांचे डाग होतात. अक्षरंही ठसठशीत हवीत. बारीक देवनागरी घेतली तर वेलांटीतला अनुस्वार आणि रफार भरून शिरोरेषेवर नुसते ठिपके उरतात. ‘मर्यादित’चा रफार गेला की नोंदणीकृत नावच चुकतं, त्यावरून सभेत अर्धा तास जाईल. नॉन-वूव्हनवर छपाई सुटसुटीत दिसते, चार रंग हवेत तर लॅमिनेट केलेलं घेता येतं. जाहिरातीला तेच बरं.

सुईदोरा
लॅमिनेट घडीवर चिरतं आणि तिथून सोलत जातं. म्हणजे आधी सोलवटतो तो लोगोच. छान जाहिरात!

रविवारपेठी
आणि सप्टेंबरात पाऊस. मांजरपाटातला अहवाल भिजून लगदा होईल, नॉन-वूव्हनमध्ये कोरडा राहतो.

मोजमाप
नाही राहत. साध्या नॉन-वूव्हनला बारीक छिद्रं असतात, पाणी आत येतं. अडतं ते फक्त लॅमिनेटला, आणि त्याची गत वर सांगितलीच आहे. अहवाल वाचवायचा तर तो वेगळा द्या.

पत्रकवाला
पावसाची खरी अडचण वाळवण्याची आहे. कापडावरच्या पाण्याच्या शाईला शेवटी उष्णता द्यावी लागते, साधारण दीडशे अंश. घाईत ती पायरी गाळली की पहिल्याच धुण्यात नाव निघतं. तेवढी उष्णता नॉन-वूव्हनला दिली तर ते सुरकुततं, म्हणून तिथे हवेत वाळणारी शाई वापरतात. दमट हवेत तिची थप्पी लवकर लावली की वरच्या पिशवीचा छाप खालचीच्या पाठीवर उठतो. दोन्ही प्रकारांत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माल छपाईला द्या. कापड आधी छापा, मग शिवा. शिवलेल्या पिशवीवर शिलाईची जाडी आडवी येते, स्क्रीन (छपाईची जाळी) वर उचलली जाते आणि छाप दुहेरी पडतो.

घडीपिशवी
दोघांचंही चुकतंय. पिशवी घरी राहते आणि माणूस मंडईत, अडचण ती आहे. मुठीएवढी घडी होऊन स्वतःच्याच खिशात बसणारी पॉलिस्टरची पिशवी द्या, पर्समध्ये आणि डिकीत कायम राहते.

हिशेबनीस
कल्पना चांगली, पण खिसा वेगळा शिवायचा, कडेला पायपिंग लावायचं, आणि घडी घातली की नाव आत. शिवाय तेही प्लास्टिकच. प्रदर्शनात माहितीपत्रकं कोंबून हजारोंना वाटायला नॉन-वूव्हन सोयीची, हे मी मान्य करतो. सभासदांच्या ५०० नगांना मात्र माझं मत कायम. दुसरी बाजू कोरी ठेवा. बायका जाहिरात आत करून साधी बाजू बाहेर धरतात, साधी बाजूच नसली तर पिशवी बाहेर निघतच नाही.

रविवारपेठी
म्हणजे जाहिरातीची पिशवी, आणि जाहिरात पोटाकडे.

पत्रकवाला
म्हणूनच नाव छोटं घ्या, चार इंचांत, वरच्या भागात. आठ इंची नावाची पिशवी कुणी बाहेर नेत नाही. आणि फाईल देताना कोरल ड्रॉमध्ये अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांची आकृती करून द्या. नाहीतर छापणाऱ्याकडे तो फाँट नसला की ‘सहकारी’चा ‘सहाकरी’ होतो आणि स्क्रीन दुसऱ्यांदा काढावी लागते. मंजूर नमुन्यावर दोघांनी सही करून एक नग स्वतःजवळ ठेवा. आणि खराब निघणारे नग धरून ५०० नव्हे, ५१० सांगा.