मदत हवी आहे: वरातीची सोडून दिलेली घोडी गोठ्यात आणलीय, खायला काय घालू?

नमस्कार मंडळी. मी लोहा तालुक्यातला, जि. नांदेड. गोठ्यात दोन म्हशी अन् एक लालकंधारी गाय. घोडं कधी पाळलेलं नाही. लग्नसराई संपली तशी ही घोडी आमच्या शिवारात मोकळी फिरायला लागली. मालक कोण हे अख्ख्या गावाला माहीत आहे, नाव मात्र कुणी घेत नाही. शेवटी मीच आणून बांधली.

पाठीचा कणा वर आलाय, तंगाच्या (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) जागी चिघळलेली जखम आहे, पुढचे खूर वाढून टोकाला वळलेत. आयाळीत अजून जरीच्या गोंड्याचे दोरे गुंतलेले. कडबा टाकला की तोंडात घेते, बराच वेळ चावते अन् ओला बोळा करून खाली टाकते. गव्हाणीखाली नुसता बोळ्यांचा सडा.

माळेगावच्या यात्रेत आयुष्यभर घोडे बघितलेले आमचे आबा म्हणतात, भिजवलेला हरभरा अन् गूळ खाऊ घाल, पंधरवड्यात उड्या मारेल. घरचे म्हणतात म्हशीची गोळी पेंड घाल. डॉक्टर जखम धुऊन गेले, पण घोड्यांचा हात नाही असं त्यांनीच सांगितलं. काय घालू? अन् तुळशीचं लग्न लागलं की मालक दारात येऊन 'माझी घोडी सोड' म्हणणार, तेव्हा काय करू?

परभणीकर: आबांचा मान राखून सांगतो, हरभरा-गूळ अजिबात नको. उपाशी जनावराच्या पोटात एकदम खुराक गेला की इन्सुलिन वाढतं अन् रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. खायला लागून तीन-चार दिवस होतात, सगळे म्हणतात वाचली, अन् तेव्हाच हृदय बंद पडतं. वाळलेला लसूणघास (लुसर्न) द्या. पहिले 3 दिवस दर 4 तासांनी अर्धा किलो, रात्रीसुद्धा उठून. पुढं आठवडाभर हळूहळू वाढवायचा, 10 दिवसांनंतर दिवसातून तीनदा. पाणी अन् मिठाचा खडा कायम समोर. धान्याचं नाव काही आठवडे काढू नका.

गोळी पेंड तर लांबच ठेवा. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं; गुरांना चालतं, घोड्याला विष. घोड्याला उलटी होत नाही, गेलं ते गेलं.

बोळे पडतात म्हणजे बहुधा दाढांना धार आलीय. घोड्याच्या दाढा म्हातारपणापर्यंत वर येत राहतात, त्या कानशीनं घासाव्या लागतात. तोवर चारा बारीक करून, भिजवून द्या. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र आजच; जखम उघडी आहे अन् घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो. जंताचं औषध अंगात जरा ताकद आल्यावर, डॉक्टरांना विचारूनच.

वकिली_वाडा: जनावराला उपासमार होईल असं सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पण नुसतं गावाला माहीत असून भागत नाही. आजच्या तारखेचे फोटो काढा, ग्रामपंचायत अन् पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, औषधांच्या पावत्या जपा. कागद नसले तर उद्या तुमच्यावरच चोरीचा आळ येईल.

परभणीकर: एक राहिलं. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या. तो माणसालाही होतो. नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. निकाल येईपर्यंत तिला वेगळी बांधा, तिची बादली वेगळी ठेवा, जखमेला उघड्या हातानं लागू नका.

धागाकर्ता: मनापासून आभार. पेंडीचं पोतं उचलून माडीवर टाकलं, आबा जरा फुगलेत. लसूणघास शेजारच्या मळ्यात मिळाला, ओला आहे, तो वाळवून घालतो. अर्ज उद्या देतो. आता अडलंय ते खुरांचं. कंधार-लोहा भागात खूर कापणारा नालबंद राहिलाय का कुणी? नाल ठोकायची घाई नाही, नुसते वाढलेले खूर नीट कापता यायला हवेत.